मेंढीच्या चान्या

आईने चिकन राइसचा पहिला घास घेतला, सावकाश चावला, गिळला आणि म्हणाली, "तिथं याच्यासोबत बटाटा देतात."

सिंगापुरात, क्वीन्सटाउनला, आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, आम्ही बसलो होतो. तिथल्या चिकन राइसच्या स्टॉलसमोर कायम रांग असते. आईला टेबल धरून बसवून मी त्या रांगेत उभी राहिले होते, तेही ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून. घामाने कुर्ता पाठीला चिकटला होता. आणि ही म्हणते बटाटा.

"आई, हा भात आहे. भातासोबत बटाटा कशाला देतील?"

"मी कुठं म्हणायले द्या म्हणून? तिथं देतात, एवढंच म्हणलं."

तिथं! विमानतळावर उतरल्यापासून आईच्या तोंडी हा एकच शब्द होता. तिथं असं असतं, तिथं तसं नसतं. तिथं म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीकडे. युरोपच्या पार उत्तरेला, स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात एक बेट आहे. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जातं, एवढंसं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. काही गुपित आहे म्हणून नव्हे. मला ते नाव लिहायचंच नाही म्हणून. धाकटी तिथे समुद्री शेवाळावर संशोधन करते आणि एका म्हातारीच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते.

बाबा गेल्यावर आई नांदेडला एकटी पडली. आम्ही दोघी बहिणींनी फोनवर ठरवलं की तिने आधी धाकटीकडे राहून यावं, मग माझ्याकडे, आणि मग कायमचं कुठे राहायचं ते तिनेच सांगावं. पुढचे कागद करायला तिचा पासपोर्ट लागणार होता आणि पासपोर्ट एकच. म्हणजे एकीकडे हो म्हणजे दुसरीकडे नाही. मला त्यात काही काळजी वाटली नव्हती. थोरली मी. नात माझ्याकडे. टेक्का मार्केटात मेथी मिळते, शेपू मिळतो, ज्वारीचं पीठ मिळतं. तिथे काय आहे? एक झाड नाही. हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवतो आणि पळतो. आई आठवडाभरात कंटाळेल, धाकटी रडकुंडीला येईल आणि आई सुखरूप माझ्याकडे येईल, असा माझा सरळ हिशेब होता. पण आई आली ती अंगात जाडजूड लोकरीचा स्वेटर घालून, सिंगापूरच्या उकाड्यात, गाल लालबुंद, वजन वाढलेलं.

"हा तिनं विणलाय," आई स्वेटरवरून हात फिरवत म्हणाली. "माझ्या मैत्रिणीनं."

मैत्रीण! नांदेडला आईच्या ओळखीच्या बायका होत्या, शेजारणी होत्या, विहारात येणाऱ्या बाया होत्या. मैत्रीण हा शब्द तिने कुणासाठी वापरलेला मी जन्मात ऐकला नव्हता. आणि ही कोण, तर धाकटीची घरमालकीण. दोघींना एकमेकींच्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही.

"मग बोलायच्या कशा तुम्ही?"

"ती तिचं बोलायची, मी माझं. भांडण नाही, तंटा नाही."

मग रोज रात्री जेवताना, मी केलेलं जेवताना, मला तिथल्या जेवणाचं पुराण ऐकावं लागे. त्या बेटावर हॉटेलं अशी फारशी नाहीत. बाहेरगावचे लोक येतात ते आधी सांगून कुणाच्या तरी घरीच जेवायला जातात. घरमालकीण दर रविवारी दुपारी असे लोक जेवायला घेते. तिच्याच जेवणघरात, तिच्याच लांब टेबलावर, समोर खिडकीतून समुद्र. कुठले कुठले परके लोक येतात, बूट दारात काढतात आणि शेजारी शेजारी बसतात.

"म्हणजे खानावळच की," मी म्हटलं.

"खानावळ कशी? पैसे देतात, पण बसवायचं पाहुण्यासारखं. ती उभी राहून सांगते, हे कुठून आलं, कसं केलं. लोक ऐकतात बघ, चमचा खाली ठेवून."

पहिलं येतं ते मुरवलेल्या मटणाचं सूप. त्याचा वास असा की नव्या माणसाला वाटावं, घरात काहीतरी मेलंय. आईने त्याचं वर्णन केलं ते मी विसरू शकत नाही. "आधी नाकाला झोंबतं. मग जिभेवर बसतं. मग उठतच नाही माय." नंतर वाऱ्यावर वाळवलेलं मटण, पातळ कापलेलं, काळपट लाल. लोणी लावलेला पाव. सुकी मासळी. उकडलेले बटाटे, ते सगळ्यासोबतच. शेवटी रुबार्बचा आंबटगोड मुरंबा. रुबार्ब म्हणजे अळूसारखी मोठी पानं, पण खायचे त्याचे देठ. सांगताना आईच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि समोर माझी वांग्याची भाजी तशीच निवत पडायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"आणि ते मटण वाळवायला घरामागं एक खोली हाय, नुसती लाकडाची. फळ्या-फळ्यांत बोट जाईल एवढी फट. आत अख्ख्या मेंढ्या टांगलेल्या. मीठ नाही, धूर नाही, काही नाही. नुसता वारा आरपार."

"वारा आमच्याकडे पण आहे," मी म्हटलं. "चार पंखे आहेत घरात."

नवरा हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो गप्प झाला.

मी काय काय केलं नाही! तोआ पायोहला नेऊन माशाचं सूप पाजलं. टॅम्पिनीसला नेऊन नासी पडांग खाऊ घातलं, दहा प्रकारच्या भाज्या-रस्से समोर मांडले. लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवायला घातलं. आई सगळं खायची, ताट स्वच्छ करायची आणि म्हणायची, "चांगलं हाय. पण कुणी केलं कळत नाही." मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, करणारा मागं धुरात उभा, देणारा दुसरा, आपण ट्रे उचलून चाललो. तिथं करणारी समोर बसते. माझी लेक आठ वर्षांची आहे, ती मराठी समजते सगळं पण बोलते तिच्या शाळेतलं. तिने एक दिवस सरळ विचारलं, "आजी लाइक्स द अदर प्लेस मोर, इज इट?" आईला ते कळलं नाही. मला कळलं.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. बटाटा, वारा, मैत्रीण, स्वेटर, सगळं. मला सहन झाला नाही तो एक फोटो.

आई माझ्याकडे यायच्या आधीच धाकटीने तो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. त्या फटीच्या खोलीत आई उभी आहे, डोक्याला लोकरी टोपी, शेजारी ती उंच म्हातारी. दोघींच्या मधे दोरी, आणि दोरीवर मटणाच्या लांब पट्ट्या. दुसऱ्या फोटोत पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर चिनी मातीच्या बशीत त्याच पट्ट्या, भाजून तुकडे केलेल्या, आणि सभोवार गोरे चेहरे. खाली धाकटीने लिहिलं होतं, 'आमच्या आईच्या चान्या.' त्यावर मावश्यांचे, मामांचे, चुलत बहिणींचे अंगठे आणि हृदयं नुसती ओसंडून वाहत होती.

आमच्या!

चान्या म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर उन्हात वाळवायच्या. आमच्या वस्तीत मोठ्याचं, म्हणजे गाय-बैलाचं, मांस यायचं ते एकदम यायचं, मग ते टिकवायचं कसं? वाळलेल्या चान्या मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात, घरात काही नसलं की निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खायच्या. दोरी आमच्या पत्र्यावर बांधलेली असायची आणि कावळे हाकलायला हातात निरगुडीचा फोक घेऊन पत्र्यावर बसायचे मी. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि वर. पत्रा तापलेला असायचा, त्यावर पोतं अंथरून बसायचं. कावळे वस्ताद. एक समोर येऊन कावकाव करायचा आणि दुसरा मागून उचलून न्यायचा. रस्त्याने वस्तीबाहेरचं कुणी ओळखीचं गेलं आणि वर बघून विचारलं, काय वाळत घातलंय गं, तर सांगायचं, मिरच्या. हे मला आईने शिकवलं होतं. हसून सांगायचं, म्हणजे कुणी पुन्हा विचारत नाही.

मग बाबांना सरकारी नोकरी लागली आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो. गच्ची सगळ्यांची एक. तिथे सगळ्यांच्या कुरडया, सगळ्यांचे पापड. आईनेही पापड घातले, कुरडया घातल्या. चान्या पुन्हा कधी घातल्या नाहीत. आमच्या घरात तो शब्दही बंद झाला. धाकटी तेव्हा रांगत होती. तिने ती दोरी पाहिली नाही, पत्रा पाहिला नाही, मिरच्या वाळत घातल्यात असं एकदाही कुणाला सांगितलं नाही. आणि आता तीच लिहिते, आमच्या आईच्या चान्या! त्याही मेंढीच्या! मेंढीच्या कधी चान्या असतात का?

खरं सांगायचं तर माझा सगळ्यात जास्त जळफळाट धाकटीवर नव्हताच. तो होता त्या म्हातारीवर. तिच्या आजोबांनी ती फटींची खोली बांधली, हे ती उभी राहून परक्या लोकांना सांगते. तिच्या मटणाला वास येतो तर लोक म्हणतात, वा, हीच खरी चव. तिला कुणी विचारलं काय वाळत घातलंय, तर ती सांगते मटण. तिला मिरच्या म्हणावं लागलं नाही, तिच्या आईला नाही, तिच्या आजीला नाही. आणि माझ्या आईला आपली चीज ताठ मानेने ताटात वाढायला तिचं टेबल लागलं. माझं लागलं नाही. मला त्या बाईचा असा हेवा वाटायचा की झोप लागायची नाही.

आईची परतीची तारीख जवळ यायला लागली. पासपोर्टबद्दल ती बोलेना. मग मी ठरवलं. मीही चान्या घालणार, आणि मेंढीच्या नाही, खऱ्या.

बाजारातून बीफ आणलं. रात्रीच धार लावून सुरी तयार ठेवली. पट्ट्या कापताना हाताला आपोआप आठवलं, तुकडा न तोडता एकदा इकडून, एकदा तिकडून चिरत जायचं, म्हणजे वडी उलगडून लांब पट्टी होते. आमचा ब्लॉक म्हणजे जुनी इमारत, इथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू खोचतात. एका बांबूला दोरी गुंडाळून मी पट्ट्या टांगल्या आणि बांबू बाहेर सरकवला. आई मागे उभी राहून बघत होती. फक्त म्हणाली, "इथली हवा ओली हाय बघ."

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची आंटी वर आली. माझ्या मांसाचं पाणी तिच्या चादरींवर टपकलं होतं. मी माफी मागितली, चादरी धुऊन देते म्हटलं. ती आत आली, बांबूकडे बघितलं, नाकाने वास घेतला आणि रागवायचं विसरून गेली. "चायनीज न्यू इयर टाइम देन कॅन, लाह. नाऊ नो विंड." तीही म्हणे वर्षातून एकदा डुकराचं मांस असंच टांगते. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांना बुरशी आली. मी सगळं पिशवीत घालून टाकून दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. जाऊ दे म्हणावं ना? नाही म्हटलं.

दुसऱ्या खेपेला मी आमच्या बेडरूमच्या खिडक्या बंद केल्या. एसी कोरड्या हवेच्या मोडवर टाकला. दोन्ही टोकांना टेबलफॅन लावले आणि कपाटाच्या मुठीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली. नवऱ्याला हॉलमध्ये सोफ्यावर हाकललं. त्याने विचारलं, "हे किती दिवस?" मी म्हटलं, "वाळेपर्यंत." मी तिथेच झोपायचे, चान्यांखाली, दोन रजया घेऊन. कपड्यांना, केसांना, उशीला तो वास. ऑफिसात लिफ्टमध्ये शेजारचा माणूस जरा सरकून उभा राहिला तेव्हा मला मजाच वाटली. दुपारी घरी फोन करून मी आईला विचारायचे, एसी चालू आहे ना? आई म्हणायची, "चालू हाय. मी बसलेय इथं." नंतर लेकीने सांगितलं की आजी रोज दुपारी त्या खोलीत स्वेटर घालून खुर्चीवर बसून राहते आणि पट्ट्यांची पाठपोट बदलते.

वाळल्या! अशा खडखडीत वाळल्या की बोटाने मोडल्या. रविवारी सकाळी आईने चिमट्यात धरून एकेक गॅसवर भाजली. घरभर धूर झाला. तो वास आला आणि मला पत्रा आठवला, पोतं आठवलं, सगळं जसंच्या तसं. लेकीने एक तुकडा चघळला, तोंड वेडंवाकडं केलं, म्हणाली, "व्हेरी स्मेली," आणि दुसरा उचलला. मी ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, कांदा फोडला होता. मी काहीच खाल्लं नाही. आईच्या तोंडाकडे बघत बसले.

आईने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. "चांगल्या झाल्यात," ती म्हणाली. "बारीक कापल्यास. मीठ बराबर."

"तिथल्यापेक्षा?"

"तिथल्या मेंढीच्या. मेंढीच्या त्या काय चान्या असतात का?"

देवाशप्पथ, मला उठून नाचावंसं वाटलं. अगदी माझं वाक्य! मी लगेच म्हटलं, "मग उद्याच पासपोर्ट दे आई. इथे राहायच्या लाँग टर्म पासचं काम मी सुरू करते."

आईने भाकरीचा पापुद्रा सोलला आणि बाजूला ठेवला. "नको," ती म्हणाली. "मी तिकडंच राहणार हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नवऱ्याने लेकीला हळूच उठवून बाहेर नेलं, तेव्हा कळलं की बरोबर ऐकलंय.

"का?" माझा आवाज चढला. "माझ्याकडे काय कमी पडलं? थंडी मी करून दिली तुला, वारा करून दिला! धाकटीला तर चव पण माहीत नव्हती आई. तिने एक दिवस पत्र्यावर बसून दाखवावं. तिला चान्या म्हणजे काय ते तरी माहीत होतं का?"

"नव्हतंच," आई म्हणाली. "म्हणून तर."

मी ताट पुढे ढकललं.

"तुला मी चारलंय. तुझ्या हातात उतरलंय बघ ते, न विचारता कापल्यास. तिला चारायचं राहिलं माझ्याकडून. ती रांगायली होती अन् आपण क्वार्टरला आलो. लोक काय म्हणतील म्हणून मी दोरीच सोडली. ते लेकरू नुसतं पापडावर वाढलं. तिथं पहिल्यांदा खाल्ली तिनं, तर मला म्हणाली, आई, हे तू मला कधी का दिलं नाहीस?"

"म्हणजे मला चव माहीत आहे ही माझी शिक्षा?"

"शिक्षा कशाची? थोरली हायस तू."

थोरली असण्याचा हा फायदा मला आजवर कुणी सांगितला नव्हता. मी ताट उचलून सिंकमध्ये आदळलं. पुढे आई जाईपर्यंत मी तिच्याशी कामापुरतं बोलले. विमानतळावर तिने मला पोटाशी धरलं तेव्हा तिच्या स्वेटरला चान्यांचा वास येत होता. माझ्या चान्यांचा, असं मी मनात बजावलं, पण त्याने काही फरक पडला नाही. ती स्वेटर घालून तिकडे निघून गेली.

उरलेल्या चान्या मी डब्यात भरून फ्रीजमध्ये अगदी मागे ढकलल्या. धाकटीचे फोन आले ते उचलले नाहीत. आईशी बोलायचे, पण मीटिंग आहे म्हणून लवकर ठेवायचे. ग्रुपवर फोटो यायचे, आई टेबलाशी, आई खोलीत, आई आणि ती म्हातारी बटाटे सोलताना. मी अंगठा दाखवायचे आणि फोन उलटा ठेवायचे. नवरा म्हणायचा, अगं, दोघी तुझ्याच आहेत. त्याला बहीण नाही. त्याला काय कळणार?

अशातच एका रविवारी रात्री मी भांडी घासत असताना फोन वाजला आणि लेकीने तो उचललासुद्धा. स्क्रीनवर धाकटी. "ताई, ठेवू नकोस. आईने सांगितलंय म्हणून लावलाय." तिकडे दुपार होती. तिने फोन कशाला तरी टेकवून उभा केला, तसं मला पहिल्यांदाच ते टेबल नीट दिसलं. पांढरा टेबलक्लॉथ, उकडलेले बटाटे, खिडकीत करडा समुद्र. पाच-सहा परके लोक बसले होते. ती म्हातारी बसली होती. खरं सांगते, चेहऱ्याने चांगली वाटली, आणि त्याचाही मला राग आला.

आई उभी राहिली. हातात बशी. तिने मराठीत बोलायला सुरुवात केली, अगदी नांदेडच्या आवाजात, आणि धाकटी शेजारी बसून इंग्रजीत सांगू लागली.

"माझी थोरली लेक होती," आई म्हणाली. "ही एवढी. शाळेतून आली की पत्र्यावर बसायची. पाय भाजायचे तिचे, पण उठायची नाही."

माझा साबणाचा हात तसाच राहिला.

आई सांगत होती. कावळे कसे वस्ताद असायचे, एक समोरून यायचा, एक मागून. लेकीच्या हातात फोक कसा असायचा. कुणी विचारलं तर ती हसून कशी सांगायची, मिरच्या. मिरच्या म्हणताना आईने माझी तेव्हाची मान वाकडी करायची लकब करून दाखवली. मी तशी मान करायचे हे मला माहीतच नव्हतं. "ती वर बसली म्हणून आमच्या पावसाळ्यात खायला असायचं," आई म्हणाली. "तिच्या राखणीच्या ह्या चान्या. घ्या."

पण माझं लक्ष धाकटीकडे गेलं होतं. ती आईच्या मागून सांगत नव्हती. ती आईच्या पुढे चालली होती. आई कावळ्यावर यायच्या आधी हिचा कावळा उडून गेलेला असायचा. मिरच्या हा शब्द तिने आईच्या आधी सांगितला, पाहुणे आधी हसले आणि आईने मान मागाहून वाकडी केली. म्हातारीला तर सगळं पाठ होतं, तिने फोकाच्या ठिकाणी हवेत हातसुद्धा फिरवला. धाकटी बटाट्याच्या भांड्याकडे बघत एका सुरात बोलत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चिकन राइसच्या त्या टेबलापासून ते माझ्या तोंडावर होतं.

आईने फोनकडे बोट दाखवलं. "हीच ती," ती म्हणाली. सगळे गोरे चेहरे माझ्याकडे वळले आणि त्यांनी हात हलवले. मीही साबणाचा हात हलवला.

धाकटीने फोन उचलून जवळ घेतला. मागे लोक चान्या चावत होते.

"दर रविवारी," ती मराठीत म्हणाली, म्हणजे त्यांना कळू नये. "गेल्या वर्षीपासून. दर रविवारी मी चान्या वाढते आणि तुझी गोष्ट सांगते. झालं समाधान?"

खोटं कशाला सांगू, झालं.